आबा, मी जनावर पाळलंय

आबा, तुम्हाला राग येईल म्हणून आधीच सांगून टाकतो, मी एक जनावर पाळलं आहे. जनावर म्हणजे आपल्या गावात ज्याला जनावर म्हणायचे तेच. दिवेलागणीनंतर कुणी त्याचं नाव घेतलं की तुम्ही खेकसायचात, आणि मला अजून भर दुपारीसुद्धा तो शब्द लिहिताना हात आखडतो. ते या क्षणी माझ्या खोलीत आहे, खिडकीजवळच्या काचेच्या पेटीत, झाडाच्या सालीखाली वेटोळं करून. मी पलंगावर बसून लिहितो आहे. पेटीच्या झाकणाची कडी आताच उठून पाहिली, लागलेली आहे. हे वाक्य संपलं की पुन्हा एकदा पाहीन. ज्या मुलीचं ते जनावर आहे ती उद्या त्याला न्यायला येणार आहे. सकाळपासून माझं पोट बिघडलं आहे. सून म्हणाली, “बाबा, बाहेरचं काही खाल्लंत का?” बाहेरचं मी कुठून खाणार. ते जाईल या धास्तीने बिघडलं आहे, पण हे तिला सांगायचं कसं? याच जनावराच्या धास्तीने मे महिन्यात मी दोन रात्री हॉलमधल्या सोफ्यावर झोपलो होतो.

तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं. बायको गेल्यावर मुलाने मला अमेरिकेत आणलं. गावाचं नाव ईडन प्रेरी. घर मोठं आहे, दिवसभर त्यात मी एकटा. मुलगा आणि सून दोघंही कॉम्प्युटरच्या कंपनीत, सकाळी दोन गाड्या निघतात आणि गॅरेजचं दार घरंगळत खाली येतं. मग मी गॅस बंद आहे का पाहतो, मागचं दार पाहतो, पुन्हा गॅस पाहतो. मला इथे सगळ्याचीच भीती वाटते. फोडणी जरा करपली की छतातला भोंगा बोंबलतो. फोन वाजला की पलीकडून इंग्रजी येईल म्हणून उचलत नाही. दारावर कुणी थाप मारली तर जिन्याखाली जाऊन उभा राहतो. मुलगा म्हणतो, “बाबा, रिलॅक्स. इथे कोणी येऊन तुम्हाला खाणार नाहीये.” सातवी पास माणसाला रिलॅक्स म्हणजे काय ते कळतं, पण ते करायचं कसं ते कुठल्याच इयत्तेत शिकवलेलं नाही.

सुनेची धाकटी बहीण इथल्या विद्यापीठात डॉक्टरेट करते. मला काका म्हणते. मे महिन्यात एका शनिवारी ती ही पेटी गाडीत घालून घेऊन आली. पुण्याला आईबाबांना भेटून, मुंबईच्या वकिलातीत व्हिसाचा शिक्का मारून घेऊन परत यायचं होतं. “दोनच आठवडे हो काका. तुम्हाला काही करायचं नाही, फक्त पाणी बदला.”

मी विचारलं, “पाणी कुठून बदलायचं? झाकण उघडून?”

“नाही, काचेतून!” आणि हसायला लागली. मुलगा म्हणाला, “अगं, त्यांना कशाला सांगतेस? झुरळ दिसलं तरी ते खुर्चीवर चढतात.” पण पेटी ठेवायची कुठे यावर घोळ झाला. तळघर थंड, हॉलमध्ये पाहुणे येतात, वर त्यांच्या खोलीत सूनच नको म्हणाली. ऊन येणारी खोली एकच, माझी. मला कुणी विचारलं नाही असं नाही. विचारलं. “बाबा, चालेल ना?” आणि मी नेहमीसारखा मान हलवून मोकळा झालो. आत पाहिलं तर नारिंगी अंगावर विटकरी ठिपके, मनगटापेक्षा बारीक, आणि लांबी तुमच्या काठीएवढी. ती म्हणाली, “याला विष नसतं काका. इकडे मक्याच्या कोठारात राहतं, उंदीर खातं. शेतकऱ्याचा मित्र.” मी मनात म्हटलं, आमच्या आबांना सांग.

तुम्हाला कडब्याच्या गंजीची ती दुपार आठवते का? गल्लीत कुणाकडेही जनावर निघालं की तुम्हालाच बोलावणं यायचं. तुम्ही जेवत असलात तर ताटावरून उठायचात. त्या दिवशी आपल्याच गंजीत निघालं आणि तुम्ही मला पलीकडच्या बाजूला उभं केलंत. “इकडून आलं तर ओरड. बाकी काही करू नको. नुसता ओरड.” तुम्ही पेंढ्या उपसता आहात, गल्लीतली माणसं लांबून बघताहेत, आणि ते माझ्याच बाजूने बाहेर येतं. पिवळट, लांबलचक. माझ्या उघड्या पायांवरून जातं. मला ओरडता येत नाही. घशातून आवाज येत नाही, फक्त चड्डी ओली होते. तुम्ही वळसा घालून आलात तोवर ते कुंपणाशी पोचलं होतं. तिथे तुम्ही ते मारलंत. मग सगळ्यांसमोर मला म्हणालात, “तोंड शिवलं होतं का? जा, बायकांत जाऊन बस.” माणसं हसली. पण नंतर तुम्ही काठीने ते उलटं केलंत, जरा वेळ बघत उभे राहिलात आणि हळूच म्हणालात, “धामण होती.” नाग असता तर तुम्ही त्याच्या तोंडात तांब्याचा पैसा आणि तूप घालून त्याला रीतसर जाळलं असतंत. धामणीला ते नसतं. तुम्ही ती ओढ्याकडे टाकून आलात आणि हौदावर राखेने हात घासत बसलात. त्या रात्री तुम्ही जेवला नाहीत. आई म्हणाली, दमलेत.

पुढच्याच बाजाराला तुम्ही मला घुंगुरकाठी आणून दिलीत. म्हणालात, “आपटत चालत जा. ते आवाज ऐकून आपणहून बाजूला होतं.” एवढंच. मला वाटलं ही माझ्या भित्रेपणाची शिक्षा आहे, सगळ्या गावाला ऐकू जावी म्हणून घुंगरं लावलेली. मी ती फार वापरली नाही.

इथे मात्र मी तसंच करायला लागलो. खोलीत शिरताना दाराबाहेर पाय आपटायचे, खाकरायचं, मग आत. ते आपणहून सालीखाली जायचं. मग मी झाकण बोटभर उघडून, डोळे जवळजवळ मिटून पाण्याची वाटी ओढायचो, सून पोळ्या भाजायला वापरते त्या लांब चिमट्याने. दोन आठवडे असेच काढू म्हटलं. दोन आठवड्यांनी त्या मुलीचा पुण्याहून फोन आला. वकिलातीने कागद तपासणीला ठेवून घेतले होते. ती प्रयोगशाळेत रसायनं हाताळते, आणि त्या उंच इमारती पडल्यापासून असल्या विद्यार्थ्यांचे कागद म्हणे फार बारीक बघतात. किती दिवस लागतील ते कुणी सांगत नव्हतं. फोनवर ती रडत होती. रडता रडता म्हणाली, “काका, त्याने खाल्लं का?”

खाण्याचं मी तुम्हाला सांगितलं नाही. आमच्या फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, पनीर आणि ओल्या नारळाच्या शेजारी, आइस्क्रीमच्या डब्यात गोठवलेले उंदीर असतात. सुनेने डब्यावर चिकटपट्टी लावून ‘नाही’ असं लिहिलं आहे. दर रविवारी मुलगा एक उंदीर गरम पाण्यात सोडायचा आणि भरवायचा. जूनमध्ये त्याला शिकागोचं काम लागलं, सोमवारी जायचं आणि गुरुवारी यायचं. आणि नेमकं एका रविवारी जनावराने तोंड फिरवलं. मुलगी फोनवर म्हणाली, बुधवारी पुन्हा द्या, दोन रविवार उपाशी ठेवू नका. सून माझ्याकडे बघायला लागली. “बाबा, प्लीज. मला उलटी होईल. खरंच होईल.”

मी आयुष्यात कधी मटण धुतलेलं नाही आबा. उंदीर पाण्यात मऊ होत होता आणि मी स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून देवाचं नाव घेत होतो. मुलीने फोनवरून एकेक सांगितलं. “काका, वरून नका देऊ. वरून काही आलं की त्याला घार वाटते. बाजूने, जमिनीलगत, हळू.” मी चिमटा आत सरकवला. सालीखालून आधी जीभ आली, मग तोंड. मग ते इतक्या जोरात झेपावलं की मी किंचाळून चिमटा सोडला. खालून सून ओरडली, “बाबा! चावलं का?” चावलं नव्हतं. त्याने उंदराला तीन विळखे घातले होते आणि ते निवांत झालं होतं. मी दाराशी उभा राहून बघत राहिलो. ते घाई करत नाही. तोंड कुठून लावायचं ते शोधतं, जबडा थोडा पुढे, थोडा मागे, मधेच थांबून दम खातं. तेवढ्यात सुनेने कचरा टाकायला खाली गॅरेजचं दार उघडलं, शेजारच्या भिंतीला हादरा बसला, आणि तोंडात उंदीर अडकलेला असताना ते आक्रसलं. अंगावरून शिरशिरी गेली त्याच्या. मी पाहिली. कारण त्याच वेळी मीही दचकलो होतो, त्याच दाराला, रोजच्यासारखा.

त्यानंतर मी जास्त बघायला लागलो. मिक्सर लागला की ते सालीखाली. वरून कुणाची सावली पडली की सालीखाली. नवीन वाटी ठेवली तर दिवसभर बाहेर येत नाही. मी खुर्ची पेटीपासून लांब ठेवायचो, मग आठवड्या-आठवड्याला ती जरा जवळ आली. दुपारी सगळीकडे सामसूम झाली की ते बाहेर येऊन काचेला हनुवटी टेकवायचं. मी त्याला बसडेपोतल्या माझ्या नोकरीच्या गोष्टी सांगायचो, साहेब कसे कुठूनही बोंबलत यायचे आणि मी टायरांच्या थप्पीमागे कसा उभा राहायचो. तुम्ही म्हणाल, म्हातारा बिघडला. पण आबा, माझ्यापेक्षा भित्रा जीव मला आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. तरी हात लावायची हिंमत नव्हती. ती श्रावणात झाली, आणि तीही हिंमत नव्हे.

इथे सण त्यांच्या दिवशी येत नाहीत, शनिवारी येतात. पंचमी आठवड्याच्या मधेच होऊन गेली होती. सुनेने बायकांच्या ग्रुपमध्ये बोलता बोलता सांगितलं की आमच्याकडे असं असं आहे. झालं. शनिवारी सकाळी पाच-सहा जणी नटूनथटून दारात, आणि त्यांच्या पुढे एक काकू, नागपूरहून लेकीकडे आलेल्या. हातात दुधाचं भांडं, हळदकुंकू, फुलं. ज्वारीच्या लाह्या मिळाल्या नाहीत म्हणून पॉपकॉर्न. त्या दिवशी घरात सुरी चालली नव्हती, तवा चढला नव्हता, सुनेने उकडून दिंडं केली होती, सगळं आपल्या घरच्यासारखं. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी आदल्याच दिवशी मुलीशी बोललो होतो. जनावर कात टाकायला आलं होतं. त्याचे डोळे दुधाळ निळे झाले होते. “आता त्याला नीट दिसत नाही काका. खूप घाबरलेलं असतं. कुणी हात लावायचा नाही, आणि डोळ्यात काही जाऊ द्यायचं नाही. डोळा जाईल त्याचा.”

मी दारात आडवा उभा राहिलो. म्हणजे उभा राहायचा प्रयत्न केला. “त्याची तब्येत बरी नाही. बाहेरूनच नमस्कार करा.”

“अहो भाऊ, बाहेरून कसा?” काकू म्हणाल्या. “इतक्या लांब येऊन साक्षात दर्शन होतंय. घरी आम्ही पाटावर चंदनाचा काढतो.”

“नाग नाहीये तो काकू, कॉर्न स्नेक आहे,” सून म्हणाली.

“अगं, जातीचा आहे ना? मग झालं. त्याला काय इंग्रजी कळतं?” सगळ्या हसल्या आणि मला बाजूला सारून आत आल्या. एकीने फोटोसाठी दिवा लावला. “बघा बघा, डोळे कसे निळे! देवाचेच डोळे!” मी म्हणतो आहे, दूध नको, कुंकू नको, त्याचा डोळा जाईल, पण माझा आवाज माझ्याच शर्टाच्या आत राहतो. काकूंनी कडी काढली. झाकण वर झालं. वरून हात, हातात चमचा. घारीसारखा. जनावर कोपऱ्यात मागे मागे सरकतं आहे आणि मागे काच आहे. दुधाचा पहिला ओघळ त्याच्या मानेवर पडला. दुसऱ्या हाताची दोन बोटं कुंकवात बुडाली.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, सून म्हणते, “हात काढा!” असं. मी काकूंच्या हाताखालून, बाजूने, जमिनीलगत माझा हात आत घातला आणि त्याला उचललं. चमचा पडला, पॉपकॉर्न सगळीकडे, बायका किंचाळत जिन्यापर्यंत गेल्या. कुणीतरी म्हणत होतं, “अगं काका वेडे झाले का!” मी थरथरत होतो. ते माझ्या मनगटाला आणि कोपराला विळखे घालून गच्च बसलं होतं आणि तेही थरथरत होतं. मला वाटलं होतं ते ओलं असेल, गिळगिळीत. नव्हतं. टायरच्या नव्या ट्यूबला पावडर लावलेली असते ना, डेपोत मी रोज हाताळायचो, तसं कोरडं, गार, आणि आत हवा भरल्यासारखं जिवंत. त्याने आपलं आंधळं डोकं माझ्या बाहीत खुपसलं. मी शर्टाच्या टोकाने त्याच्या मानेवरचं दूध पुसलं. काकू दारातून चिडून म्हणाल्या, “पंचमीचं पाप लागेल हो तुम्हाला.” मी म्हटलं, “लागू दे. पण आता पेटीजवळ कुणी येऊ नका.” एवढी दोन वाक्यं मी माझ्या साहेबांनाही कधी सलग बोललो नव्हतो. सुनेने सगळ्यांना खाली नेऊन दिंडं वाढली. संध्याकाळी मला म्हणाली, “बाबा, चहा आणू? इथेच आणते,” आणि पहिल्यांदाच पेटीच्या शेजारी टेकली.

चार दिवसांनी डोळे निवळले आणि मग कात पडली. डोळ्यांवरच्या चकत्यांसकट, अखंड. मी ती उजेडात धरून दोन्ही चकत्या आहेत का ते पाहिलं. आहेत. तेव्हापासून ते रोज दुपारी माझ्या हातावर येतं. भीती वाटत नाही असं नाही. पेटी थंड पडली तर, वीज गेली तर, मी आजारी पडलो आणि कुणाला रविवारच्या उंदराचं लक्षात राहिलं नाही तर. पूर्वी मी झाकणाची कडी एकदा ते बाहेर येऊ नये म्हणून बघायचो. आता कुणी आत जाऊ नये म्हणून दोनदा बघतो. आता ऑक्टोबर आहे. मुलीला शिक्का मिळाला. सगळं घर आनंदलं, मीही फोनवर म्हणालो, “वा, वा, ये बाई.” उद्या ती येणार. आता गाडी आल्यासारखी वाटते, बघतो.

काल लिहायचं राहिलं. आज ती येऊन गेली.

थकलेली दिसत होती. पाच महिने फुकट गेले, गाईड नाराज आहे, जुनी खोली गेली, आता मैत्रिणीकडे राहते. पण पेटी पाहिल्यावर चेहरा एकदम उजळला. “अय्या, केवढं झालंय! काका, काय खाऊ घातलंत?” तिने त्याला हातावर घेतलं. ते तिच्या दंडावरून गेलं, खांद्यावर थांबलं, जीभ काढून जरा वेळ हवेत राहिलं. मी खुर्चीत बसलो होतो, हात मांडीवर. मग ते तिच्या खांद्यावरून खाली उतरलं आणि खुर्चीच्या हातावरून माझ्या बाहीत शिरलं, रोज शिरतं तिथे. मी तिच्याकडे न बघता म्हणालो, “राहू दे इथे.”

तिला वाटलं पेटी म्हणतोय. “हो, पेटी नंतर नेऊ, आधी—”

“नाही. हे राहू दे. माझ्याजवळ.”

मुलगा हसला. “बाबा, अहो, तिचं आहे ते. आणि हे अजून पंधरा वर्षं जगेल, माहितीये? तुम्ही त्र्याहत्तर आहात.” बोलून गेल्यावर त्याचा चेहरा पडला. सून म्हणाली, “काहीही काय बोलतोस अरे!” पण त्याचं चुकलं नव्हतं. हिशेब बरोबर होता. मुलीने बराच वेळ माझ्या बाहीकडे पाहिलं. डोळे पुसले. मग म्हणाली, “मैत्रिणीकडे दोन मांजरी आहेत. मी दर रविवारी येऊन बघून जाईन. चालेल ना काका?” मला विचारलं तिने. मी मान हलवली नाही, तोंडाने म्हणालो, “चालेल.”

ती गेली तेव्हापासून मी इथेच बसलो आहे. तुमची सून गेल्यापासून मला मरणाचं काही वाटेनासं झालं होतं आबा. हजार गोष्टींना भ्यायचो, पण त्या एकीला नाही. आज आलं तर आज, असं म्हणायचो, आणि ते खरं होतं. आता तसं राहिलेलं नाही. तुम्हाला अक्षर कळत नव्हतं, आणि कळत असतं तरी हा कागद जायचा कुठे, म्हणूनच लिहितो. मुलाने पंधरा वर्षं म्हटल्यापासून मी तोच हिशेब पुन्हा पुन्हा मांडतो आहे. मला इतक्यात मरायचं नाहीये, आणि आता त्याचीही भीती वाटायला लागली आहे.